सेबीच्या साहेबाला एकदा तालुका दाखवा

चंद्रशेखर भास्कर भावे हे नाव दारव्ह्याच्या किंवा मंगरूळपीरच्या बाजारात घेतलं तर कोणी ओळखणार नाही. सहारा म्हटलं की मात्र पानटपरीवरचा माणूसही मान वर करतो. त्याचे नाहीतर त्याच्या साळ्याचे पैसे त्यात अडकलेले असतात. सहाराच्या दोन कंपन्यांनी लोकांकडून गोळा केलेल्या पैशावर सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने, पहिल्यांदा बोट ठेवलं, तेव्हा सेबीच्या अध्यक्षपदी हे भावे होते. ज्याने लोकांची बाजू घेतली त्याचं नाव लोकांना ठाऊक नाही, याचं मला फार वाईट वाटत नाही. सरकारी माणसाचं नाव झालंच पाहिजे असं काही नाही. पण त्याने केलेलं काम ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यापर्यंत आलंच नाही, हे मात्र तपासून पाहायला हवं. दोष त्या माणसाचा नव्हता, म्हणून तर जास्तच.

भावे १९७५ च्या तुकडीचे, महाराष्ट्र केडरचे आयएएस. १९९२ साली, हर्षद मेहता प्रकरण फुटलं त्या वर्षी, ते सेबीत आले. सेबी स्थापन झाली होती १९८८ लाच, पण चार वर्षं तिच्या हाती कायदा नव्हता. तो १९९२ मध्ये मिळाला. म्हणजे संस्था नवी, कायदा नवा आणि बाजारात आग लागलेली, अशा वेळी त्यांनी तिथे उमेदवारी केली. १९९६ मध्ये त्यांनी आयएएसची नोकरीच सोडली आणि एनएसडीएल उभी करायला घेतली. शेअरचे कागद हरवणं, खोटे निघणं, सही जुळत नाही म्हणून परत येणं हे सगळं शेअर कागदाऐवजी संगणकावर ठेवणाऱ्या ज्या डिमॅट खात्याने संपवलं, त्याची ही पहिली संस्था. बारा वर्षं तिथे काढून फेब्रुवारी २००८ मध्ये ते सेबीचे अध्यक्ष म्हणून परतले. मुदत तीन वर्षांची. सातच महिन्यांत अमेरिकेतली लेहमन ही बडी बँक बुडाली आणि जगभरचे बाजार कोसळले.

या तीन वर्षांतल्या दोन निर्णयांबद्दल सांगतो, कारण दोन्हींचा संबंध आपल्या गावातल्या एका माणसाशी आहे: एजंटाशी. १ ऑगस्ट २००९ पासून म्युच्युअल फंडांवरचा एंट्री लोड बंद झाला. त्याआधी तुम्ही शंभर रुपये भरले की सव्वादोन रुपयांच्या आसपास दारातच कापले जात आणि ते विकणाऱ्याच्या खिशात जात. भाव्यांच्या सेबीने सांगितलं, विकणाऱ्याला काय द्यायचं ते ग्राहक ठरवील, फंड कापणार नाही. वितरकांनी मोठी ओरड केली. अनेकांनी म्युच्युअल फंड विकणंच सोडलं आणि युलिप विकायला घेतल्या, कारण तिथे पहिल्या हप्त्यातला मोठा हिस्सा कमिशन म्हणून मिळत होता. युलिप म्हणजे वरून विमा आणि आतून शेअर बाजार. तो माल बँकेच्या काउंटरवरून, अगदी तालुक्याच्या शाखेतूनसुद्धा, 'तीन वर्षं भरा, मग काही भरू नका' असं सांगून विकला गेला. कापसाचा चुकारा घ्यायला आलेल्या शेतकऱ्यानेही तो घेतला.

मग एप्रिल २०१० मध्ये सेबीने चौदा विमा कंपन्यांना सांगितलं, की आमच्या परवानगीशिवाय युलिप विकायच्या नाहीत. विमा नियामक आयआरडीएने दुसऱ्याच दिवशी कंपन्यांना सांगितलं, सेबीकडे लक्ष देऊ नका. दोन सरकारी संस्था चव्हाट्यावर भांडताना दिसल्या. जूनमध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून युलिप आयआरडीएच्या पदरात टाकल्या. सेबी हरली. पण सप्टेंबर २०१० पासून त्याच आयआरडीएला युलिपवरचे शुल्क कमी करावे लागले आणि पैसे अडकवून ठेवण्याची किमान मुदत पाच वर्षांची करावी लागली. भांडण केलं नसतं तर ते झालं असतं का? मला नाही वाटत. भावे हरले आणि ग्राहकाचा थोडाफार फायदा झाला, असा त्या प्रकरणाचा हिशेब आहे.

सहाराचं प्रकरण मात्र वेगळ्या वाटेने आलं, आणि माझा सगळा मुद्दा त्या वाटेतच आहे.

सप्टेंबर २००९ च्या अखेरीस सहाराच्या एका कंपनीने शेअर बाजारात उतरण्यासाठी सेबीकडे मसुदा दिला. त्यात समूहातल्या इतर कंपन्यांची माहिती द्यावी लागते. ती वाचताना सेबीच्या लोकांना दिसलं, की दोन कंपन्या रोख्यांच्या नावाखाली लोकांकडून पैसे गोळा करताहेत आणि त्याला 'खासगी विक्री' म्हणताहेत. तेव्हाचा कायदा सांगत होता, पन्नास किंवा त्याहून जास्त लोकांना विकलं की ती सार्वजनिक विक्री झाली, मग सेबीची परवानगी लागते. इथे माणसं होती सुमारे तीन कोटी. त्याच सुमारास एक-दोन तक्रारअर्जही आले. त्यातलं एक पत्र इंदूरहून, नॅशनल हाउसिंग बँकेमार्फत फिरत आलं. तिथून पुढे सेबीचे पूर्णवेळ सदस्य के. एम. अब्राहम यांनी प्रकरण हाती घेतलं. नोव्हेंबर २०१० ला अंतरिम आदेश, जून २०११ ला अंतिम आदेश, आणि ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे २४ हजार कोटी रुपये १५ टक्के व्याजासह परत करायला सांगितलं.

अब्राहम यांचा अंतिम आदेश निघाला तेव्हा भावे निवृत्त झालेले होते. त्यांना मुदतवाढ मिळाली नाही, अब्राहम यांनाही मिळाली नाही. जाता जाता अब्राहम यांनी आपल्यावर दबाव येत असल्याचं पत्र थेट पंतप्रधानांना लिहिलं. पुढे २०१४ मध्ये एका शेअर बाजाराला दिलेल्या जुन्या मान्यतेवरून सीबीआयने या दोघांचीच प्राथमिक चौकशी लावली. देशभरातल्या निवृत्त अधिकाऱ्यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. चौकशीतून काही निघालं नाही. पण निवृत्तीनंतर तीन वर्षांनी दारात सीबीआय येऊ शकते, हा निरोप त्या खुर्चीत पुढे बसणाऱ्या प्रत्येकाला मिळालाच. इथे वाचक म्हणेल, प्रामाणिक अधिकाऱ्याचे असेच हाल होतात. खरं आहे. तुकाराम मुंढे नागपुरातून गेले तेव्हाही आपण हेच म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. खमक्या माणसाची आरती ओवाळली की आपलं कर्तव्य संपतं, आणि तो ज्या यंत्रणेत होता ती कशी चालते हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून आरती इथेच थांबवतो.

प्रश्न असा आहे: तीन कोटी लोकांकडून पैसा गोळा होत असताना सेबीला ते कळलं कसं? कंपनीने स्वतःच आणून दिलेल्या कागदावरून. तिला शेअर बाजारात उतरायचा मोह झाला नसता, तर आणखी किती वर्षं गेली असती कोण जाणे. आणि हे काही अंधारात चाललेलं नव्हतं. तालुक्याच्या मुख्य रस्त्यावर पाटी लावलेली शाखा होती. आठवडी बाजाराच्या दिवशी एजंट वही घेऊन दुकानादुकानात फिरत होता. तहसीलदार त्याच रस्त्याने कचेरीत जात होते, बँकेचा मॅनेजर त्याच टपरीवर चहा पीत होता. ज्याला पाहायचं होतं त्याला दिसत होतं. पाहायचं काम ज्याचं होतं तो वांद्रे-कुर्ला संकुलात बसून अर्जाची वाट पाहत होता.

अर्ज का येत नाही, हे समजून घ्यायचं तर आमच्या गल्लीतल्या एका मावशींची पिशवी पाहायला हवी. कंपनी कोणती ते सोडा, अशा डझनभर होऊन गेल्या. कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी आहे, ती संदुकीत लुगड्यांच्या खाली असते. आत पावत्या. अर्ध्या पावत्यांवरची शाई उडाली आहे. उन्हात तिरप्या धरल्या तर आकडे दिसतात. एक चकचकीत प्रमाणपत्र, त्यावर होलोग्राम, सगळा मजकूर इंग्रजीत. मुदत कधी संपते ती तारीख पेनाने लिहिलेली. मागच्या बाजूला एजंटचा मोबाइल नंबर, आणि तो एजंट म्हणजे मावशींचा सख्खा भाचा. मजुरीच्या पैशातून आठवड्याला ठरलेली रक्कम तोच घेऊन जायचा. कंपनीला टाळं लागलं तेव्हा तो सहा महिने गावात तोंड दाखवू शकला नाही. त्याचे स्वतःचे आणि सासऱ्याचेही पैसे त्यातच गेले होते.

मावशींना म्हटलं, तक्रार करा. त्या म्हणाल्या, "कोनाच्या नावानं करू? कंपनीचा मालक म्या पाह्यला नाही. माह्या हातून पैसे त पोरानं नेले. पोलिसात गेली त पोरालेच धरतीन ना, भाऊ."

या वाक्यापुढे सेबीची सगळी तक्रार-व्यवस्था लटकी पडते. २०११ पासून स्कोअर्स नावाचं पोर्टल आहे, हेल्पलाइन आहे, जाहिराती आहेत. ते सगळं गृहीत धरतं, की फसवणारा परका असतो आणि फसलेला माणूस चिडून तक्रार करतो. खेड्यात पैसा विश्वासावर गोळा होतो आणि विश्वास नात्यातून येतो. कंपन्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी बाहेरचे विक्रेते पाठवले नाहीत. गावातलाच मास्तर, गावातलीच अंगणवाडीताई, कोणाचा जावई, कोणाचा भाचा असे एजंट नेमले. कमिशन भाच्याला दिलं, आणि तक्रारीची वाट भाच्याच्या अंगणातून जाईल अशी तजवीज आपोआप झाली. तक्रार आल्याशिवाय जो हलत नाही, अशा नियामकाला खेड्यातला घोटाळा कधीच ऐकू येणार नाही.

पैसे परत करतानाही हेच झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सहाराने सेबीकडे १२७ ट्रक भरून कागद पाठवले, ३१,६६९ खोकी. ती ठेवायला जागा शोधावी लागली. सेबीने वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, की मूळ कागद घेऊन अर्ज करा. अनेक वर्षांनंतर परत झालेली रक्कम होती सुमारे १३८ कोटी. सहारा-सेबीच्या खात्यात व्याजासह पंचवीस हजार कोटींच्या आसपास पडून, आणि मागायला आलेले इतकेच. यावरून मुंबई-दिल्लीत दोन तर्क झाले. एक, गुंतवणूकदार मुळात खोटे होते. दोन, कंपनी म्हणत होती तसं, लोकांना आधीच पैसे मिळाले होते. दोन्हींत काही तथ्य असेलही. बनावट नावं होती असा संशय खुद्द न्यायालयाने व्यक्त केला. पण तिसरी शक्यता कोणी जागेवर येऊन तपासली नाही: अनेकांच्या रोख्यांची मुदत संपण्याआधीच एजंटाने ते समूहाच्या सहकारी सोसायटीच्या पावतीत बदलून दिले होते. त्यामुळे जाहिरातीत जो कागद मागितला, तो त्यांच्या पिशवीत नव्हताच. त्या सोसायट्यांसाठी वेगळं पोर्टल आलं थेट जुलै २०२३ मध्ये, केंद्रीय सहकार निबंधकांचं, सहारा-सेबीच्या खात्यातून पाच हजार कोटी काढून दिल्यावर. त्या पोर्टलला आधारशी जोडलेला मोबाइल लागतो. सीएससी केंद्राबाहेरच्या रांगा आपण पाहिल्या आहेत.

पर्ल्स, म्हणजे पीएसीएल, याहून वाईट. शेतजमीन देतो म्हणून ५.८५ कोटी लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले, असं सेबीच्या ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आहे. सेबीने त्या कंपनीला पहिल्यांदा हटकलं होतं १९९९ च्या सुमारास. पुढची बारा-तेरा वर्षं 'हे सेबीच्या कक्षेत येतं की नाही' याच वादात कोर्टात गेली, आणि तेवढ्या काळात कंपनी वसुली करत राहिली. वऱ्हाडातला कास्तकार, ज्याला स्वतःच्या वावराचा सातबारा तोंडपाठ असतो, त्याने न पाहिलेल्या जमिनीसाठी हप्ते भरले. लोक याला अडाणीपणा म्हणतात. मी म्हणत नाही. कोरडवाहू पऱ्हाटीवर जगणाऱ्या माणसाला बँकेत दोन हजार टाकायला गेलं तर अर्धा दिवस आणि एक मजुरी जाते. एजंट दारात येतो, चहा पितो, पावती देतो. तो सोय विकत घेत होता. ती सोय सरकारमान्य संस्थांनी दिली नाही, म्हणून दुसऱ्यांनी दिली.

आता माझं म्हणणं. भावे ज्या वाटेने आले तिच्याकडे पुन्हा पाहा. आयएएस अधिकाऱ्याची सुरुवात जिल्ह्यात होते. तलाठ्याचं दप्तर पाहावं लागतं, गावात मुक्काम करावा लागतो, उपविभाग सांभाळावा लागतो. नंतर तो दिल्लीत जाऊन कितीही मोठा होवो, बाजाराच्या दिवशी तहसील कचेरीसमोर काय चालतं हे त्याने एकदा डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सेबीच्या आजच्या अधिकाऱ्याला ती संधीच नाही. तो परीक्षा देऊन येतो, कायदा किंवा सनदी लेखापाल किंवा अर्थशास्त्र शिकलेला असतो, हुशार असतो, आणि त्याचा गुंतवणूकदाराशी संबंध येतो तो फाइलमधून. माझी मागणी साधी आहे: सेबीत भरती झालेल्या प्रत्येक अधिकाऱ्याने पहिली दोन वर्षं जिल्ह्यात काढावीत. यवतमाळात, वाशिमात, गडचिरोलीत. जिल्हाधिकारी कार्यालयात एक टेबल, आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्यात फेरी, आणि काम एकच: कोण कशाच्या नावाखाली पैसे गोळा करतंय ते पाहून वर कळवणं. तक्रार नको, अर्ज नको.

यावर पहिला आक्षेप येईल, की हे राज्याचं काम आहे. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्येच एमपीआयडी कायदा केला, २०१९ मध्ये केंद्राने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा केला. कायदे आहेत. राबवतं कोण? सक्षम प्राधिकारी म्हणून महसूल खात्यातला एखादा उपविभागीय अधिकारी, ज्याच्याकडे निवडणूक, पीक नुकसानीचे पंचनामे, भूसंपादन आणि पाणीटंचाई आधीच असते. त्याच्या हाती प्रकरण येतं ते कंपनी बुडाल्यावर, मालमत्ता जप्त करून लिलाव करण्यासाठी. कंपनी चालू असताना तिचा रोखा वैध की अवैध हे सांगण्याचं ज्ञान त्याच्याकडे नाही. ज्याच्याकडे ज्ञान आहे तो मुंबईत आणि ज्याच्याकडे जिल्हा आहे त्याला वेळ नाही, ही फट भरून काढा एवढंच म्हणतोय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सेबी शेअर बाजाराची नियामक आहे. खेड्यात तिचं काम ते किती? पंधरा वर्षांपूर्वी हे ऐकून घेतलं असतं. पण २८ सप्टेंबर २०१५ ला फॉरवर्ड मार्केट्स कमिशन सेबीत विलीन झालं आणि शेतमालाचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांतला भाव आज ठरवणारे सौदे, सेबीकडे आले. यवतमाळ हे कापसाच्या वायद्याचं एक डिलिव्हरी केंद्र आहे. २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे सेबीने थांबवले, वर्षभरासाठी म्हणून, आणि मग मुदत वाढतच गेली. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना बाजार समितीत सोयाबीन त्याच्या खाली जात होतं. वायदे चालू असते तर भाव चढला असता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. शेतकरी संघटनेचे लोक म्हणतात, आणि त्यासाठी जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी सेबीच्या मुंबईतल्या कार्यालयावर जाऊन आंदोलनही केलं. पण हर्रासीला उभ्या असलेल्या कास्तकाराला पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारा एकमेव उघडा आकडा बंद करताना, तो का बंद केला हे सांगायला बाजार समितीत एकही माणूस आला नाही. सोयाबीनचा नियामक वाशिमला येत नसेल, तर मग कुठे जाणार?

आणि शेअर बाजार आता खेड्यात नाही, हे कोणी सांगितलं? पुसद-उमरखेडची पोरं फोनवर ऑप्शन, म्हणजे शेअरच्या भावावरचे सट्ट्यासारखे सौदे, खेळतात. टेलिग्रामवरचा कोणी 'सर' रोज सकाळी टीप देतो. सेबीचाच सप्टेंबर २०२४ चा अभ्यास सांगतो, की तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या ९३ व्यक्तींनी पैसे गमावले, एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर, आणि बहुतेक जण मोठ्या तीस शहरांच्या बाहेरचे. अभ्यास उत्तम आहे. सेबीने नियमही कडक केले. फक्त ज्या पोराने बापाच्या पीककर्जाचे पैसे त्यात घातले, त्याने ही बातमी वाचलेली नाही, आणि त्याला ती सांगणारा तोच टेलिग्रामवाला आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. मोठी यादी द्यायची गरज नाही. सेबीकडे गुंतवणूकदार संरक्षण आणि शिक्षण निधी आहे, त्याचे नियम २००९ मध्ये, भाव्यांच्याच काळात झाले. तो निधी आज जाहिरातींवर आणि कार्यशाळांवर खर्च होतो. कार्यशाळा कॉलेजच्या सभागृहात होते, प्रमाणपत्र वाटलं जातं, फोटो निघतो. त्यातल्या पैशातून आधी विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांत अकरा माणसं पाठवून पाहावीत. दोन वर्षांनी ती मुंबईला परत जातील तेव्हा त्यांनी किती पाट्या उतरवल्या हे मोजावं, किती कार्यशाळा घेतल्या हे मोजू नये. एजंट झालेल्या भाच्यांना साक्षीदार म्हणून संरक्षण मिळेल अशी तरतूद त्यासोबत करावी लागेल, नाहीतर तेही बोलणार नाहीत आणि मावशीही. बसायला पंचायत समितीत खोली मिळेल. दारव्ह्याचा बीडीओ नाही म्हणणार नाही.